अर्थिंगचं पाणी

६ नोव्हेंबर २००६, नागभीड

आलो एकदाचा! नागपूरहून छोट्या लाईनच्या गाडीने हाडं खिळखिळी केली, पण स्टेशनबाहेर टपरीवरचा चहा घेतला आणि जीव हरखला. धानाची कापणी चाललीय, सगळीकडे पेंढ्यांचा वास आहे. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला लागून चंदाबाईंचं घर. पुढची खोली माझ्या सायबर कॅफेला, मधली मला राहायला. पाच मशीन लावली, बाहेर 'इंटरनेट आणि गेम' अशी पाटी ठोकली.

वर्ध्याला बाबांचं भांड्यांचं दुकान आहे. आजवर त्यांच्या हाताखाली कळशा पुसल्या, आता पुरे. संक्रांतीपर्यंत इथे जम बसला नाही तर मुकाट्याने परत येऊन गल्ल्यावर बसायचं, असं त्यांनी कबूल करून घेतलंय. ती वेळ मी येऊ देणार नाही.

चंदाबाई ढिवराच्या, मासेमारी करणाऱ्यांच्या. एकट्याच राहतात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आल्या आल्या उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले. घरधनी लटारूभाऊ कुठे असतात विचारलं, तर म्हणाल्या, "गेला हाये बाहीर. येईन." एवढ्यावर विषय संपला.

१० नोव्हेंबर

पोरं येताहेत, पण सगळ्यांना चार नंबरचंच मशीन हवं. त्यात मी नवं ग्राफिक्स कार्ड घातलंय, खास गेमसाठी. आणि नेमकं तेच दगा देतंय. जंगलातल्या लढाईचा गेम आहे. जंगल व्यवस्थित, गोळीबार व्यवस्थित, पण खेळणारा नदीत उतरला की पडद्यावर हिरवे पट्टे येतात आणि सगळं ठप्प. कॉलेजात जाणारा अमर रोज येतो. आज तिसऱ्यांदा नदीत अडकला तेव्हा म्हणाला, "भाऊ, तुमचा माणूस पाण्याले भेते का?" बाकीचे खी खी हसले. मलाही हसावं लागलं, पण आतून तळपायाची आग मस्तकात गेली.

१४ नोव्हेंबर

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. जुना टाकून पाहिला. कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासले, स्लॉट फुंकून साफ केला. फॅनमधली धूळ काढली, कार्डावर नवी पेस्ट लावली. मग पॉवर सप्लायवर संशय आला म्हणून दोन नंबरचा काढून चारला लावला, तर दोन नंबरही रुसलं. विंडोज नव्याने टाकण्यात आख्खा रविवार गेला. परिणाम शून्य! नदी आली की हिरवे पट्टे. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, कार्ड इथे चांगलं चालत होतं. मग काय मी त्याला पाण्यात बुडवून आणलं?

वैताग आलाय. अमर आज दुसऱ्या कॅफेत जातो म्हणाला. तो गेला की त्याच्यामागे सगळे जातील, आणि मग मी आहे आणि कळशा आहेत.

१७ नोव्हेंबर

आज वायरमन घनश्यामभाऊंना बोलावलं, कारण मशीनच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यांनी डब्याला टेस्टर लावला, तो पेटला. "बाबू, तुह्या घराले अर्थिंगच नाई. कार्ड बिचारं काय करंन?" इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही! स्वतःलाच दोन लगावाव्याशा वाटल्या.

मागे परसात, पाळीच्या पायथ्याशी ओल असते, तिथे खड्डा खणला. छातीएवढं खोल गेल्यावर जुन्या जाळ्याचा गुंता लागला. ओढला तर हलेना, एक तुकडा तेवढा तुटून हातात आला. घनश्यामभाऊ म्हणाले, असू दे. त्याच्यावरच तांब्याची पट्टी ठेवली, कोळसा आणि मीठ भरलं, वर पाईप उभा केला. चंदाबाई शिंगाडे विकायला बाजारात गेल्या होत्या. घनश्यामभाऊंनी जाताना बजावलं, रोज तांब्याभर पाणी टाकत जा, ओल राह्यली पायजे.

२० नोव्हेंबर

चाललं! अमरने पूर्ण नदी पोहून पार केली. एकही पट्टा नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांना चहा पाजला. संक्रांतीची भीती गेली.

आता सकाळी चहाआधी पाईपात तांब्या रिकामा करतो. त्या मशीनने इतकं छळलंय की तोंडातून आपोआप निघतं, "घे बाबा, पी. पी आणि धड चाल."

२३ नोव्हेंबर

आज पाणी घालायचं राहिलं. दुपारी मशीन नदीत अडकलं. धावत जाऊन तांब्या ओतला, परत आलो तर गेम आपोआप पुढे सरकलेला. आता हे काय? अर्थिंग एवढ्या लवकर वाळतं का? घनश्यामभाऊंना विचारलं, तेही डोकं खाजवायला लागले.

अमर म्हणाला, नदीच्या तळाशी एक माणूस बसलेला दिसतो, पाठमोरा. असा माणूस त्या गेममध्ये नाही, तो मीही दहादा खेळलोय. अमरने हेडफोन काढून ठेवला आणि गेला. मी कानाला लावून पाहिला. फक्त बुडबुडे.

२६ नोव्हेंबर

दुपारी लोडशेडिंग. पंखा बंद, ट्यूब बंद, चार मशीन बंद. चार नंबर चालू.

प्लग उपसला. तरी चालू. पडद्यावर नदी नाहीच, आमचा तलाव आहे. पाळ ओळखू येते, पाळीवरचं मोहाचं झाड ओळखू येतं. आणि तळाशी तो माणूस, मांडीवर जाळं घेऊन गाठी मारतोय.

डबा उघडला. कार्ड तापलेलं असायला हवं, ते बर्फासारखं गार. फॅनमध्ये शेवाळ. तळाला पाणी साचलेलं, मासळीचा वास. फडक्याने पुसून काढलं. 

२७ नोव्हेंबर

सकाळी पाईपात पाणी ओतताना चंदाबाईंनी पाहिलं. "काय करून राह्यला? कोणाले म्हणून राह्यला, घे पी?" मी अर्थिंगचं सांगितलं. खड्ड्यात जाळं निघालं, हेही सांगितलं, आणि तो तुकडा आणून दाखवला. त्यांनी गाठ चाचपली आणि मटकन खाली बसल्या. ती गाठ लटारूभाऊंचीच. बऱ्याच वर्षांपूर्वी जाळं घेऊन शिंगाडे काढायला तलावात गेले, डोंगा सापडला, ते सापडले नाहीत. पाळीचा गाळ सरकून ते इथेच परसाखाली गाडले गेले असतील, हे कोणाच्या मनातही आलं नाही. लोक म्हणत, राजुऱ्याकडे पळून गेला. चंदाबाईंनीही तेच धरून ठेवलं.

मग त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो. "मी त्याले मेल्याचं पाणी नाई देल्लं. देल्लं अस्तं तं तो मेला झाला अस्ता. आमच्यात पह्यलं पाणी पोरानं द्या लागते. आमाले पोरगं नोहोतं. आता तू देल्लं बाबू, रोज देल्लं. तो तुह्याच हाताले लागला. तू पोरगा झाला त्याचा."

पदराने कुंकू पुसलं. माझ्यासमोर. मला इतकं वाईट वाटलं की पाय धरले त्यांचे. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी विचारलं, आता काय होईल? म्हणाल्या, "बाप पोराले जाळं टाकाले नेतेच ना."

२८ नोव्हेंबर

चंदाबाई भावाकडे ब्रह्मपुरीला गेल्या. तूही चल म्हणाल्या, मी दुकानापायी थांबलो. मूर्खपणा.

पाणी बंद केलं. अर्थिंगची वायर कापली. मशीन चालूच. पोरं दारातूनच परततात, वास येतो म्हणतात.

जाळं पुरं झालंय. तो आता पाठमोरा नाही.

२९ नोव्हेंबर

सकाळी बॅग उचलून स्टेशनकडे निघालो. रस्ता सरळ आहे. भानावर आलो तेव्हा तलावात, कमरेएवढ्या पाण्यात उभा. बॅग पाळीवर.

पुन्हा निघालो. पुन्हा तलाव. या वेळी छातीएवढं —

एकट्याने जमणार नाही. मोबाईलला रेंज नव्हती, दुकानाच्या फोनवरून वर्ध्याला लावला. खूप खरखर, बुडबुड. म्हटलं बाबा, हरलो मी, तुमच्याच गल्ल्यावर बसतो, जन्मभर बसतो, फक्त मला न्यायला या. पलीकडून हळूच आलं, येतो पोरा.

रडलो. बाबा मला कधी पोरा म्हणत नाहीत. प्रणितच म्हणतात. आज म्हणाले.

३० नोव्हेंबर

तहान लागत नाही. तोंडात गाळाची चव.

घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. बाबा येईपर्यंत टाकणार नाही.

चार नंबरच्या पडद्यावर नुसतं पाणी. तो नाही. गेला वाटतं — सुटलो —

दार वाजलं. बाबा! "पोरा" म्हणून हाक. कडी काढली आणि बॅग घ्यायला आत धावलो. ते माझ्या मागून, न थांबता, थेट परसात गेले. पाठ तेवढी दिसली. खांद्यावर काहीतरी गुंडाळलेलं. फरशीवर ओली पावलं. पाऊस कुठे —

मोबाईल वाजतोय. बाबांचं नाव.

वर्ध्यालाच आहेत. दुकानात. म्हणतात प्रणित, तुझा रोजचा फोन काल का नाही आला, आम्ही वाट —

मग परसात —

तो तांब्या भरतोय. म्हणतोय, घे पोरा, पी आणि च