शिंपीकाकांपुढची कोरी ओळ

३ जानेवारी, शनिवार

परत तोंड उघडलं! कंपाउंडरकाकांनी तीनदा बजावलं होतं — प्रश्न टाकायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. मी चारवरच फुटलो. विषय होता 'शेजारी'. प्रश्न मी विचारला, उत्तर मीच दिलं, वर गॅरेजवाल्याचं म्हणणं कसं चूक आहे तेही सांगितलं. तो म्हणाला, "मग आम्हाला कशाला बोलावलंस? घरी बसून रेडिओ ऐकला असता." सगळे हसले. तीही हसली, वहीत लिहिता लिहिता, खाली मान घालून.

आमच्या चर्चा मंडळाची खोली वाचनालयाच्या वर. दर शनिवारी सहाला बारा खुर्च्या गोल मांडायच्या, एक विषय, तासभर बोलायचं. शेवटी प्रत्येकाने एकच वाक्य द्यायचं. ती वहीत नाव लिहिते, पुढे ते वाक्य. ज्याला बोलायचं नसेल त्याच्या नावापुढची ओळ कोरी सोडायची. ही वही खोलीबाहेर जात नाही. वहीतलं वहीत.

काका दवाखान्यात गोळ्या देतात तसेच इथे नियम देतात — एका वेळी एक, जेवणानंतर. आजची गोळी: "चालवणाऱ्याचं स्वतःचं वाक्य नसतं." शेवटच्या फेरीत सगळ्यांनी बोलायचं, मी नाही.

मग मी हे चर्चा चालवणं शिकतोय कशाला? ती असते म्हणून. लिहून टाकलं. कागदापुढे कसली लाज!

४ जानेवारी, रविवार

बाबा पेपरातून डोकं न काढता आईला म्हणाले, "याला विचार, आज अंघोळ आहे का." मी समोरच बसलो होतो. हात लांब केला असता तर पेपर ओढता आला असता! प्रॅक्टिकलची जर्नल सरांच्या टेबलावर आपटून कॉलेजातून निघून आलो त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून आमच्या घरात आई म्हणजे टपालखातं. मीही तिलाच म्हणालो, "सांग त्यांना, आहे."

१० जानेवारी, शनिवार

आज काकांनी चालवलं, मी शेजारी बसून बघत होतो. ते प्रश्न टाकतात आणि अशी काही मान तिरकी करतात की वाटावं पुढचा शब्द भिंतीतून येणार आहे. सहा, सात, आठ — आणि टायपिस्टबाई बोलायला लागल्या. एरवी 'माझं काही नाही' म्हणणाऱ्या बाई! मी असतो तर चारवर त्यांचं तोंड बंद केलं असतं.

पुढच्या शनिवारी मी. नीट झालं तर बुधवारचा नवा गट माझ्याकडे देणार. लिहायला तीच.

आणि — ती माझ्याकडे बघते. भ्रम नाही, मोजलं. एका तासात अकरा वेळा! माझी खुर्ची घड्याळाखाली. डाव्या हाताला खिडकी, खिडकीशी शिंपीकाका. माझ्या उजवीकडे ती एकदाही बघत नाही, म्हणजे घड्याळही नव्हे.

हे शिंपीकाका एक कोडंच आहे. दोन्ही हातांनी कप धरून तासभर बसतात. मी मंडळात आल्याला आठ शनिवार झाले, आठही कोरे. ती मुकाट्याने ओळ सोडते.

१३ जानेवारी, मंगळवार

तिला पत्र लिहिलं. चार पानं. पहिली तीन फाडण्यासारखी आहेत, चौथ्यात जीव आहे. मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून लिहिलं, तेवढ्यात एका गिऱ्हाईकाचे कागद उलटे ठेवून कोऱ्या बाजूच्या वीस कॉप्या काढल्या. मामा म्हणाला, "राजे, पगार पण असाच देऊ का? कोऱ्या पाकिटात?"

१७ जानेवारी, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

विषय मी निवडला — घरातली माणसं. प्रश्न: घरात कुणाशी बोलणं अवघड जातं? प्रश्न चांगला होता. अजूनही म्हणतो, चांगला होता. खोली एकदम गप्प झाली. एक, दोन, तीन. तिने माझ्या बाजूला पाहिलं. चार. परत पाहिलं, अशा काकुळतीने, की मला वाटलं ही सांगतेय, काहीतरी कर. पाच. मी शिंपीकाकांकडे वळलो आणि म्हणालो,

"काका, इतके शनिवार झाले. नुसता चहा प्यायला येता का? एक वाक्य तरी द्या आज."

दोघेतिघे हसले. मीही हसलो बहुतेक.

त्यांनी कप खिडकीत ठेवला. उठले. खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली, पाय वाजू न देता. मग जिना उतरताना ऐकू आले, एकेक पायरी. तिने पेनाला टोपण लावलं आणि नंतर काही लिहिलंच नाही.

सगळे गेल्यावर कंपाउंडरकाका रागावतील म्हणून तयारीत होतो. उत्तरंही जमवली होती. ते म्हणाले, "किती मोजलंस?"

"पाच."

"हं."

बस. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं!

१८ जानेवारी, रविवार

बुधवारचा गट नाही. पुढचे शनिवार फक्त खुर्च्या मांडायच्या.

२४ जानेवारी, शनिवार

लवकर जाऊन खुर्च्या मांडल्या. अकरा. बारावा माणूस येणार नाही हे उघडच होतं. ती पाच वाजताच आली. भिंतीची घडीची खुर्ची उचलली, खिडकीशी उघडून ठेवली. मी विचारलं, कुणाची.

"बाबांची."

कुणाच्या बाबांची, असं विचारणार होतो. इतका मी गाढव!

सगळ्यांना माहीत होतं. ती ऑफिसातून परस्पर येते, ते दुकानातून येतात, एकत्र आले-गेलेले मी कधी पाहिले नव्हते. मला कुणी सांगितलं नाही कारण मी कुणाला काही विचारलंच नाही. मी बोलत होतो.

मग ती खुर्च्या सरळ करत करत सांगत गेली. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. तेव्हापासून घरात फक्त कामापुरतं. दूध आलं का. कडी लाव. इथे निदान एक तास दोघं एकाच गोष्टीचं ऐकत बसायचे. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, पाच तारखेला निघणार. घरी सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि बटण लावत राहिले. तिला आशा होती, जायच्या आधी एका शनिवारी ती ओळ भरेल.

मी म्हणालो, मला माफ कर, मला वाटलं ते— काय वाटलं ते सांगता येईना.

ती म्हणाली, "तुला पाचच्या पुढे मोजवलं नाही. मी दोन वर्षं मोजतेय."

आवाज चढवला नाही. खुर्ची पुसली आणि जागेवर जाऊन बसली.

चर्चा काय झाली माहीत नाही. ती परत परत तिकडे बघत होती. मी आज दाराशी उभा होतो, घड्याळाखाली नव्हतो. ती खिडकीकडे बघत होती. रिकाम्या खुर्चीकडे. अकरा वेळा, तेरा वेळा. मग मोजणं सोडलं.

२५ जानेवारी, रविवार

शिंपीकाकांच्या दुकानी गेलो. एक मशीन, एक इस्त्री, दोरीवर तिघा गिऱ्हाइकांचे शर्ट. माफीचं भाषण पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि कळलं, हे परत मीच बोलणार. मिटलं. दहापर्यंत मोजलं. परत दहा. त्यांनी मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

अर्धा तास बसलो. निघून आलो.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी मामा जेवायला दुकान बंद करतो तेव्हा रोज शिंपीकाकांकडे जातो. आज त्यांनी एक जुना कोट आणि ब्लेड पुढ्यात टाकलं. "उसव."

पहिला शब्द!

उसवणं सोपं वाटतं. मी धागा खेचला, कापड टर्रकन फाटलं. वाटलं, आता हाकलणार. त्यांनी कोट घेतला, आतून ठिगळ लावलं, परत माझ्या मांडीवर ठेवला. मग एक टाका कापून दाखवला. एक सोडून दुसरा. एक सोडून दुसरा. खेचायचं नाही, आपण होऊन सुटतं.

तिचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

३१ जानेवारी, शनिवार

शिंपीकाका आले नाहीत. तिचा शेवटचा शनिवार. तिने तरी त्यांचं नाव लिहिलं, ओळ सोडली, वही कंपाउंडरकाकांच्या हातात दिली. टायपिस्टबाईंनी तिला पेन भेट दिलं.

पत्र खिशात होतं. जिन्यात ती म्हणाली, "दुकानात जातोस म्हणे."

"हो."

"बोलतात काही?"

"उसव म्हणाले."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, कठडा धरून. सांगण्यासारखं खूप होतं, चार पानं भरून होतं. मी मोजलं. दहाच्या पुढे गेलो. पहिल्यांदा जमलं, आणि कुठे जमलं!

मग डोळे पुसून म्हणाली, "जात राहा."

पत्र खिशातच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गेली. निरोपाला मी गेलो नाही, मी कोण? दुपारी दुकानात गेलो. शिंपीकाका एकाच शर्टाला इस्त्री करत होते. तीन वेळा केली. कॉलर तपकिरी पडली.

घरी जेवलो नाही. बाबा आईला म्हणाले, "याला काय झालंय?" आई म्हणाली, "तुम्हीच विचारा." दोघं माझ्याकडे बघत राहिले. बाबांनी ताट पुढे सरकवलं. विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

कंपाउंडरकाकांनी आपण होऊन मला घड्याळाखाली बसवलं. लिहिणारं कुणी नाही म्हणून वहीही माझ्याच मांडीवर.

अर्धा तास झाल्यावर जिना वाजला. शिंपीकाका. खिडकीशी बसले. टायपिस्टबाईंनी चहाचा कप दिला.

शेवटची फेरी. गॅरेजवाल्यानंतर त्यांची पाळी. मी वर पाहिलंच नाही. वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि मोजायला लागलो. दहा. पंधरा. एकवीसला पेन उचलून पुढचं नाव लिहिणार, तेवढ्यात—

"माझी मुलगी परवा गेली. 'थांब' म्हणायचं नव्हतं मला. पण 'थांब' तोंडातून निघेल म्हणून 'जा' पण म्हणालो नाही."

तीन वाक्यं झाली. एकाचाच नियम आहे. तिन्ही लिहिली. अक्षर माझं, जागा तिची.

९ फेब्रुवारी, सोमवार

कंपाउंडरकाकांकडे वहीच्या कपाटाची किल्ली मागितली. कशाला, विचारलं नाही. मोजत असतील. वही आधी शिंपीकाकांपुढे उघडी धरली. "तिला पाठवू?" मशीन थांबलं. बरंच मोजलं. मग त्यांनी पत्ता सांगितला. घर क्रमांक, गल्ली, पिनकोडसकट, तोंडपाठ.

बाकीच्यांच्या ओळींवर कोरा कागद ठेवून मामाच्या दुकानात एकच कॉपी काढली. पाकिटात जागा उरली होती, चार पानं सहज मावली असती. घातली नाहीत. चालवणाऱ्याचं स्वतःचं वाक्य नसतं.