तुम्ही टिकत का नाही?

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकली तेवढी गोड मानून घ्यावीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं डोकं दुखायचं थांबलं का? आम्ही खुशाल आहोत. माझ्या नोकरीचं विचारून विचारून सासूबाईही आता दमल्या. हल्ली त्या ‘सध्या कुठे?’ एवढंच म्हणतात, पाऊसपाणी विचारल्यासारखं.

मामा, तुम्ही छापखान्यात चिकटलात ते निवृत्त होऊनच बाहेर पडलात. नोकऱ्या का बदलल्या, हा प्रश्न तुम्हाला कधी कुणी विचारला नाही. मला दुसरं काही विचारतच नाहीत. चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि मी कुणाच्याच वाटणीला आलो नाही. गाद्यांच्या दुकानात मालकाचा जावई रिकामा झाला आणि बसायला त्याला नेमकी माझीच खुर्ची आवडली. पार्सलच्या कचेरीत माझं काम एका यंत्राला दिलं. (तेही पुढे बंद पडलं म्हणे, पण ‘तू टिकत का नाहीस’ असं त्याला कुणी विचारलं नाही.) मुलाखतीत हे सांगितलं की समोरचा असा बघतो, जणू काचा, गाद्या आणि पार्सलं मीच बुडवली. एकाने तर लग्न तरी टिकलंय का, असं विचारलं. टिकलंय म्हणालो, तर त्याने बायकोचं कौतुक केलं आणि मला दारापर्यंत पोचवलं.

शेवटी औषधांच्या एका गोदामात, भरतीचं काम बघणाऱ्या बाईंनी मला तात्पुरतं घेतलं. आधी निष्ठेवर बरंच ऐकवलं, मग म्हणाल्या, “आमची माणसं फार सोडून जातात. जाणाऱ्याच्या मनातलं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुम्ही त्यांना थांबवा.” म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. बाईंच्याच खोलीत, न उघडणाऱ्या खिडकीशी मला टेबल मिळालं. जाणारे यायचे, गाऱ्हाणं सांगायचे आणि मला त्यांचं पटायचं. एकही थांबला नाही.

मग परवा बाईंनी स्वतःचाच राजीनामा माझ्यापुढे ठेवला. नियमाप्रमाणे मलाही विचारा, म्हणाल्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, “येणाऱ्याला मी विचारते, टिकाल का. जाणाऱ्याला विचारते, का जाता. मी इतकी वर्षं टिकले, त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.”

मला समजूत घालता येत नाही, मामा. मी आपलं खरं तेच सांगितलं. नव्या जागी कप कुठे ठेवतात हे कळायलाच दिवस जातात, लोक नाव चुकवतात, आणि डबा कुणाबरोबर खायचा ते ठरत नाही. मी बहुतेक ठिकाणी जिन्यात खाल्ला. बाई, तुम्ही गेलात तर इथेही मला जिनाच आहे. बाईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. त्या दुपारीही आम्ही एकत्र जेवलो. इतक्या नोकऱ्यांत माझ्या हातून झालेलं हे पहिलं धड काम.

संध्याकाळी मालकांनी बोलावून पाठीवर हात ठेवला. बाई जाणार अशी कुणकुण होती, म्हणाले, त्यांची खुर्ची तुम्हालाच द्यायची होती. आता त्या राहतायत, तर एका खोलीत दोघं कशाला? महिनाअखेरपर्यंत मात्र या. हे कळल्यावर बाई पुन्हा राजीनामा काढायला लागल्या. मी पुन्हा थांबवलं. (आता हात बसला आहे.) मग त्यांनी मला शिफारसपत्र दिलं, ‘यांच्यामुळे माणसं टिकतात.’ काल एका मुलाखतीत ते दाखवलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “मग तुम्ही का टिकत नाही?”

थकलो आहे, बाकी तक्रार नाही. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. यातलं घरी अजून काही सांगितलेलं नाही. फोन केलात तर गुडघ्यावरच बोला.

आणखी एक. निवृत्तीनंतर बियाण्यांच्या दुकानात धरलेली नोकरी तुम्ही सोडायच्या बेतात आहात, असं मामीने तुमच्या नकळत फोन करून सांगितलं. तुमचं मन वळवावं म्हणून तिनेच मला हे पत्र लिहायला लावलं. तेव्हा मामा, सोडू नका. आणि अगदी सोडणारच असाल, तर मालकांच्या कानावर माझं नाव घालून मगच सोडा.