खटक्यावरचा बिल्ला

सोमवार
आजपासून मी ट्रामच्या जुन्या सबस्टेशनची इतिहासकार! मामा म्हणाला, पगार चिमूटभर, पण मिरवायला हातभर. इमारत बघून मात्र जीव हरखला. उंच कमानींच्या खिडक्या, मधोमध हत्तीएवढं यंत्र, भिंतीवर संगमरवरी बोर्ड आणि त्यावर पितळी खटके. शहरभरच्या ट्रामना वीज इथूनच जायची. ट्राम बंद झाल्या, तारा आणि केबल कापल्या, त्यालाही चाळीस वर्षं होतील. आता इथे संग्रहालय व्हायचंय. मामा इथला शेवटचा ऑपरेटर. माझ्यासाठी त्यानेच शब्द टाकला. आई गेल्यावर मला वाढवलंही त्यानेच.

मंगळवार
मामा सोबत आला, इथली रीत सांगायला. खाली केबलच्या भुयारात उतरणाऱ्याने आपला बिल्ला खटक्यावर अडकवायचा. बिल्ला आहे तोवर खटका कुणी ओढायचा नाही, वीज सोडायची नाही, आणि बिल्ला काढायचा तो ज्याचा त्यानेच. मामाने माझ्यासाठी नवाकोरा बिल्ला करून आणलाय, नावासकट! मी ऐटीत अडकवला. मामाचे डोळे भरून आले. मग माझेही.

गुरुवार
दुपारी यंत्र गुणगुणत होतं. वीज नसलेलं यंत्र! पहारेकरीकाकांना विचारलं तर आधी चपापले, मग सगळंच बोलून गेले. शेवटच्या वर्षी मामाचा जोडीदार भुयारात होता. मामाला घरची घाई. तो वर आलाच असेल असं धरून मामाने त्याचा बिल्ला काढला आणि खटका ओढला. जोडीदार खालीच गेला. तेव्हापासून ही गुणगुण. मामाच्या कानात तर घरीसुद्धा. जोडीदार बदली माणूस मागतोय, असं मामा त्यांना एकदा म्हणाला होता. म्हाताऱ्याचा भ्रम, दुसरं काय! पण इतक्या वर्षांत मला अवाक्षर सांगितलं नाही. राग आला, आणि कीवही.

शुक्रवार
मामा भलताच खुशीत. तुझा बिल्ला लागला आणि माझे कान शांत झाले, म्हणाला. कित्येक वर्षांनी गाढ झोपला. जोडीदाराचं विचारलं तर मान खाली. मग म्हणाला, त्याची हत्यारांची पिशवी अजून खालीच आहे, वर आणून संग्रहालयात ठेव, तेवढंच त्याला बरं वाटेल. मामासाठी एवढं तर करेनच.

शनिवार
भुयारात आहे. पिशवी सापडली. भुयाराच्या तोंडावरचं झाकण धाडकन पडलं, वाऱ्याने असेल. उघडत नाही. बॅटरीच्या उजेडात लिहितेय, धीर धरायला.

गुणगुण वाढली. दातांत जाणवते. केबल गरम लागतेय — कापलेली केबल.

पलीकडे कुणीतरी बसलंय. बघायचं नाही —

वर पावलं. खोकला. मामाचाच! हाका मारल्या, घसा फाटेस्तोवर. आला माझा मामा —

ओ देत नाही. पावलं बोर्डपाशी थांबली. रडतोय, ऐकू येतंय. म्हणतोय, पोरी, माफ कर.

म्हणजे झाकण त्यानेच —

माझा बिल्ला वर आहे. तो आहे तोवर खटका कुणी —

पितळ वाजलं. काढला. माझा बिल्ला काढला.

मामा, तूच सांगितलंस ना, ज्याचा त्याने — ज्याचा त्या