आशाबाईंच्या दारातला ब्रूनो

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आबांच्या चरणी रत्नमालेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं लावता, म्हणून पुन्हा पत्राला बसले. मागच्या खेपेला मी अक्षदा आली म्हणाले, तर तुम्ही पाचोडभर सांगितलं म्हणं की अक्षदाला मुलगी झाली. अजून व्हायचंय आबा! आता कुठं सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण म्हणून लेकीला इथं आणलंय. तब्येत छान आहे. डॉक्टरीणबाईंनी रोज संध्याकाळी चालायला सांगितलंय आणि तिथंच घोडं अडलंय. घोडं कसलं, कुत्रं अडलंय.

शेजारच्या आशाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचे यजमान बन्सीभाऊ वारले तेव्हा तुम्ही इथंच होता. त्यांचा इंद्रजीत नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना आईला सोबत म्हणून ब्रूनो नावाचं कुत्रं ठेवून गेला. आणलं तेव्हा मांडीवर मावत होतं. आता काळंभोर, छातीनं रुंद, वासराएवढं झालंय. आशाबाई त्याला फिरवत नाहीत, तेच आशाबाईंना फिरवतं. पट्टा मनगटाला गुंडाळून त्या मागं फरपटत जातात आणि ओरडत राहतात, काही करत नाही, काही करत नाही! परवा दूधवाल्याला सायकलवरून पाडलं. फाटकावरून उडी मारून कधी बाहेर येईल त्याचा नेम नाही.

माझा जीव दिवसभर खिडकीत. भाकरी थापतानासुद्धा कान त्यांच्या फाटकाच्या कडीकडं. बोलायला जावं तर जीभ उचलत नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा या बाईनं महिनाभर घरी डबा आणून दिला होता. तिला तुमचं कुत्रं आवरा म्हणून कसं म्हणू? तुम्ही जन्मभर मेंढरांमागं कुत्री बाळगलीत. काय करावं ते लवकर लिहा.

आईला नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची
रत्नमाला


पाचोड
२० फेब्रुवारी

चि. सौ. रत्नमालेस आबाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. जावई रामप्रसादरावांना रामराम सांग. पोरगी झाली म्हणून मी काय पेढे वाटले नाय, नुसतं सांगितलं. व्हईल तवा परत सांगन, त्यात काय बिघडलं?

कुत्र्याचं म्हणशील तर दांडगं जनावर मोकळं ठेवू नाय. आपली कुत्री रातभर मेंढरांभवती घिरट्या घालायची, त्यांना काम व्हतं. याला काय काम? खायचं आन भुंकायचं. आशाबाईला म्हणावं, चांगली जाड साखळी आणा आन मागल्या अंगणात बांधून टाका. आठ दिसांत गरीब व्हतंय. आपलं काळं कुत्रं तसंच वठणीवर आलतं, तुला आठवत आसंल.

आन भीड धरू नको. तिचे उपकार एकीकडं, पोरीचा जीव एकीकडं. दोनजिवाच्या लेकीला धक्का लागला तर त्या बाईलाबी जन्माचा घोर. गोड बोल, पण बोल.

मोसंबीला फूल लई लागलंय. तुझी आई डिंकाचे लाडू बांधतीय, मला एकबी देत नाय. म्हणती हे बाळंतिणीचे. जीव लावतीस तसाच लावत जा.

तुझा आबा
मल्हारराव


गारखेडा
१५ मार्च

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगते, अक्षदा आणि पोटातलं दोन्ही सुखरूप आहेत. आता वाचा.

तुम्ही लिहिल्याप्रमाणं मी आशाबाईंशी गोड बोलले. त्यांनी मुकाट्यानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सूतगिरणी चौकातल्या दुकानातून साखळी आणून ब्रूनोला मागच्या अंगणात बांधलं. पण ते गरीब झालं नाही आबा. दिवसभर भुंकायचं, साखळी ओढून गळा सोलून घ्यायचं, मध्येच असं विव्हळायचं की घास उतरू नये. आमच्या घरात तर कुणी करवतच चालवतंय असं वाटायचं. आठवडा गेला आणि परवा भिंतीतला हूकच उपटून आला. अक्षदा ओट्यावर केस विंचरत होती. ब्रूनो फाटकावरून थेट तिच्यावर झेपावला, साखळी मागं खणखणत. ती मागं सरली आणि पायरीवर धप्पकन बसली. चावला नाही, पण ती पांढरीफटक पडली. रात्रभर दवाखान्यात ठेवलं. बाळाचे ठोके नीट लागले तेव्हा कुठं मी घोटभर पाणी प्यायले.

मी इंद्रजीतला फोन केला. तो म्हणाला काकू, त्याला खेळायचं असतं, लोक घाबरून पळतात म्हणून तो मागं लागतो, अक्षदाताईला पळू नको म्हणावं. आठव्या महिन्याची बाई कुठं पळणार रे, असं म्हणून मी फोन ठेवला. माझं डोकं फिरलं होतं. तशीच बाहेर गेले आणि सगळ्या गल्लीदेखत आशाबाईंना म्हणाले, एक तर या कुत्र्याला इथून काढा, नाहीतर मला तोंड दाखवू नका. आशाबाई रस्त्यावर लोळणारी साखळी गोळा करून आत गेल्या.

तेव्हापासून त्यांचं दार बंद आहे. हुकाच्या जागी आता खांबाला बांधलंय. अक्षदा गच्चीवर चालते. हे वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेले की मी सारखी दाराच्या कड्या तपासत हिंडते. भुंकणं थांबलं तरी बरं वाटत नाही, का थांबलं म्हणून पुन्हा खिडकीशी जाते.

लोभ आहे, पण मन ठिकाणावर नाही, तेवढं समजून घ्या.

रत्नमाला


पाचोड
२४ मार्च

चि. सौ. रत्नमालेस आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझ्या आईनं मला लई बोल लावला. म्हणती, न बघता सल्ला देणाऱ्याच्या गळ्यात साखळी घाला. तिचं खरंय. आपलं कुत्रं रातभर रान तुडवून थकलेलं आसायचं, ते दिवसा बांधलं तर झोपायचं. हे तर एक पाऊल चाललेलं नाय. मी त्याचा इचारच केला नाय. आता काय करावं ते मला खरंच सुधरंना.

येक मातर मनात येतं. जी बाई कुत्र्यानं फरपटत जाती, ती ते कुणाला देऊन का टाकत नाय? तिच्याशी तोडू नको, पोरी. शेजार तुटला तर भिंत उंच व्हती, कुत्रं तिथंच ऱ्हातं.

अक्षदाला जप. आमचा जीव तिकडंच लागलाय.

आबा


गारखेडा
६ एप्रिल

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

काल पाणी यायचा दिवस होता. आमची टाकी भरली, तरी आशाबाईंच्या घरातून पाणी वाहतच होतं, ओट्यावरून, फाटकाखालून, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी त्या बाईनं वाया जाऊ दिलं? हाका मारल्या, उत्तर नाही. ब्रूनो मात्र जीव तोडून भुंकत होता. अक्षदाला आत बसवलं आणि मी मधल्या भिंतीला खुर्ची लावून पलीकडं उतरले.

आशाबाई न्हाणीच्या पायरीवर बसल्या होत्या. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, तो लालभडक. खांबाला साखळीचे वेढे पडून ब्रूनोचा गळा आवळत होता. त्या सोडवायला गेल्या, वेढे सुटले, पण त्यानं हात दातात धरला. आबा, मी त्या बाईशी तीन आठवडे बोलले नव्हते. मला बघून त्यांनी काय करावं? डाव्या हातानं पदर सावरला आणि म्हणाल्या, काही नाही गं, थोडं लागलंय.

रिक्षा करून घाटी दवाखान्यात नेलं. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी बाही वर केली तर दंडावर जुने वणही निघाले, हळद भरून झाकलेले. परतताना रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि इंद्रजीतला सांगू नको म्हणून विनवायला लागल्या. मी चिडून विचारलं, का सांगू नको? तेव्हा म्हणाल्या, तो रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो तो ब्रूनोला बघायला. ब्रूनोनं काय खाल्लं, ब्रूनो झोपला का. ब्रूनोच्या मागं उभी असते म्हणून मीही त्याला दिसते. कुत्रं गेलं तर फोन कशासाठी येईल?

आबा, रिक्षावालाही आरशातून बघत होता.

त्यांचं ऐकलं नाही मी. घरी आल्याबरोबर इंद्रजीतला फोन लावला आणि सगळं सांगितलं. टाक्यांचं, जुन्या वणांचं आणि फोनचंही. तो एवढंच म्हणाला, निघतो. आशाबाईंना कळेल तेव्हा त्या मला माफ करतील की नाही कोण जाणे. कशातच लक्ष लागत नाही.

आशीर्वाद असू द्या, सध्या त्याची फार गरज आहे.

रत्नमाला


गारखेडा
२७ एप्रिल

ती. आबा आणि आईस शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. अक्षदाचे दिवस भरत आलेत. गावात अजून काही सांगू नका!

इंद्रजीत आला होता. आईचा हात बघून खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी ब्रूनोला फिरवायला घेऊन निघाला, तर ब्रूनोनं त्यालाही चौकापर्यंत फरपटत नेलं. परत आला तेव्हा गुडघे फुटलेले आणि आईला म्हणाला, हे तू रोज करत होतीस? मित्रांबरोबरची खोली सोडून त्यानं पुण्याबाहेर अंगण असलेली खोली घेतली आणि ब्रूनोला तिकडं नेलं. रोज सकाळ-संध्याकाळ पळवतो, शिकवायला माणूसही येतो म्हणं. आशाबाई गाडी वळेपर्यंत फाटकात उभ्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत.

गल्ली शांत झाली, पण त्यांच्याकडं बघवेना. संध्याकाळ झाली की ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसायच्या. फोन यायचा, पण एक दिवसाआड, आणि दोन मिनिटांत संपायचा. ब्रूनो तिकडंच असल्यावर विचारणार काय?

काल मीच चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला. अक्षदाही हळूहळू चालत आली, रस्त्यावरून, गच्चीवरून नाही. ती म्हणाली, काकू, तुम्हीच लावा ना फोन. आशाबाई म्हणाल्या, मी लावून काय सांगू, माझ्याकडं आता काही बातमीच नाही. तरी लावला. इंद्रजीत लगेच सांगायला लागला, ब्रूनो आता ऐकतो, ब्रूनो बस म्हटलं की बसतो. आशाबाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, कुत्र्याचं कळलं रे, आता माझं विचार.

मग त्यानं विचारलं, हात दुखतो का? मला वाटलं, नेहमीसारखं काही नाही म्हणतील. पण त्या म्हणाल्या, दुखतो, लई दुखतो. आणि सांगत राहिल्या, हाताचं, पाण्याचं, झोप न येण्याचं, माझ्यावर धरलेल्या रागाचंसुद्धा, मी समोर बसलेली असताना. अंधार पडला तरी त्यांचं संपलं नव्हतं. आम्ही मायलेकी कप उचलून हळूच घरी आलो.

तुमची मायेची
रत्नमाला