विनावापर मैदान

३ जानेवारी
प्रादेशिक आराखड्यातलं ‘खेळ आणि व्यायाम’ हे प्रकरण साहेबांनी माझ्याकडे दिलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, दुसरं कोणी घेईना म्हणून दिलं. जळतोय. अख्ख्या विभागाची तब्येत आता माझ्या हातात. संकल्प: उद्यापासून पहाटे पळणार. स्वतः न पळता लोकांच्या पळण्यावर लिहिणं मला पटत नाही.

४ जानेवारी
थंडी. शिवाय योग्य बुटांशिवाय पळालं की गुडघे जातात म्हणे. तूर्त वाचन.

१६ जानेवारी
साइट व्हिजिट. शेवटी आमच्या घरामागचं मैदान. भर दुपार, म्हणून गाडीतूनच पाहिलं. चिटपाखरू नाही. शेरा मारला, ‘विनावापर’. घरी बायको म्हणाली, अहो, या उन्हात कोण येणार? सकाळ-संध्याकाळ जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. आपले बाबाही तिथेच असतात. तिला कोण समजावणार? सर्वेक्षण ऑफिसच्या वेळातच होतं.

बाबांचं खरं आहे. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. डावा पाय ओढत मैदानाला फेऱ्या मारतात, सोबत एक रिटायर्ड पोस्टमन. पण एका माणसाच्या पायावरून विभागाचं धोरण ठरत नसतं.

९ फेब्रुवारी
मसुदा तयार. गल्लीबोळातली मैदानं म्हणजे नुसता पसारा. सगळ्यांची खेळासाठीची आरक्षणं उठवून जागा मोकळ्या करायच्या, बदल्यात बायपासपलीकडे एकच भव्य क्रीडासंकुल. साहेब बेहद्द खूश. म्हणाले, घरामागच्या त्या मैदानावर गोदामवाल्यांचा कधीपासून डोळा होता. नोकरीत पहिल्यांदाच पाठीवर थाप. जरा जोरात बसली.

२० मार्च
हरकतींची सुनावणी. मी स्टेजवर. आणि समोर हरकत घ्यायला उभे कोण, तर बाबा! घरी चकार शब्द काढला नव्हता. खुर्चीला धरून विचारलं, मी बायपासपर्यंत जायचं कसं? पंचाईत. घरच्यांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी शांतपणे म्हणालो, काका, बसची सोय विचाराधीन आहे, पुढचे कोण? बाबा तसेच उभे. शेवटी पोस्टमनने हाताला धरून खाली बसवलं. प्रसंग फार सफाईने निभावला. साहेबांनीसुद्धा मान डोलावली.

रात्री जेवायला बोलावलं तर बाबा म्हणाले, भूक नाही, साहेब. थट्टा करत असावेत.

११ मे
आराखड्याच्या मंजुरीची वाट न पाहता गोदामवाल्यांनी मैदानाला पत्रे ठोकले. बाबा रस्त्याने चालायला गेले, एक स्कूटर अंगाला घासून गेली, परत आले. तेव्हापासून खिडकीत बसून असतात. मी हॉल ते स्वयंपाकघर असा वॉकिंग ट्रॅक आखून दिला. खडूने, बाणांसकट. ढुंकून पाहिलं नाही. बायकोने संध्याकाळी फरशी पुसून टाकली. म्हाताऱ्या माणसांत इच्छाशक्तीच नसते. प्रकरणात तसा परिच्छेद घातला.

२ ऑगस्ट
डॉक्टर घरी आले. पाय आखडलाय, आता पुन्हा चालतील असं वाटत नाही म्हणाले. चालणं बंद कोणी करायला सांगितलं, म्हणून चिडले. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी डॉक्टरांना सांगितलं की मी याच विषयातला तज्ज्ञ आहे. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. बाबा हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. म्हणजे मनाने खंबीर आहेत.

१८ नोव्हेंबर
आराखडा मंजूर! छापील प्रत हातात. माझं प्रकरण सापडेना. चौकशी केली. निधीअभावी संकुल वगळलं, मग प्रकरणही वगळलं. आरक्षणं उठवल्याचा तक्ता मात्र ठेवलाय. म्हणजे मूळ गाभा शाबूत राहिला.

२५ नोव्हेंबर
ताई येऊन बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. गाडीत उचलून बसवावं लागलं. पाय मी धरले होते. बाबांनी तिला सांगितलं, याला सोडायला सांग, दुखतंय.

एका अर्थी बरंच झालं. त्यांच्या खोलीत आता माझी अभ्यासिका. दुपारी पलंग भिंतीला सरकवला, टेबल लावलं, बसलो. चहासाठी बायकोला हाक मारली. पुन्हा मारली. मग लक्षात आलं, तीही बाबांना पोचवायला गेली आहे. दोन बॅगा घेऊन. परत कधी येणार, हे मी गाडीशी उभं राहून विचारलं होतं. तिने काच वर केली.