केक फुगला की सांगेन

२ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या विमा कंपनीची नवीन शाखा उघडतेय, दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. तिथे क्लेम विभागाची प्रमुख म्हणून मी. दोन वर्षं. महिनाअखेरीच्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाल्या. जिना उतरताना कठडा धरावा लागला. आनंदाने. दुसरं काही नाही.

जाणार. हे ठरलं.

घरी सांगायचं बाकी आहे, पण तो प्रश्न नाही. प्रश्न कसं सांगायचं हा आहे. मी दोन वर्षं नसले तर ही माणसं कोलमडतील. नवऱ्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. लेक सतराची, म्हणजे तिला आई लागतेच, फक्त कबूल करत नाही. सासूबाईंचे गुडघे तर आहेतच. तेव्हा धक्का द्यायचा तो गोड करून. रविवारी घरी केक करायचा. छान फुगलेला केक टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि पहिला घास तोंडात असतानाच सांगून टाकायचं. तोंड भरलेलं असलं की माणूस विरोध करत नाही.

शिवाय उद्यापासून पळायचं. एकटीने राहायचं तर दम हवा.

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी

पळाले. फाटकापासून पेट्रोल पंपापर्यंत जायचं ठरवलं होतं, लाँड्रीपर्यंत गेले. लाँड्री पंपाच्या बरीच अलीकडे आहे, पण पहिल्या दिवशी शरीराचं ऐकावं म्हणतात. शरीर बरंच काही बोलत होतं.

परतताना खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर भेटली. ती रोज पळते. माझ्याकडे पाहून बसायला हवंय का विचारलं. मी म्हटलं, मी स्ट्रेचिंग करतेय. उद्यापासून बरोबर या म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दातवाली (मनातल्या मनात हेच नाव) पळता पळता प्रश्न विचारते. तिला सवयच आहे, समोरच्याला बोलता येत नसताना विचारायची. मुलगी काय करते, सासूबाईंची कवळी टोचत नाही ना. मी मान हलवते.

लाँड्रीपाशी दम खाताना तिला नव्या शाखेचं सांगून टाकलं. ती परकी. परक्या माणसाला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. आमच्या घरी बोलू नका एवढं बजावलं. ती म्हणाली, पेशंटच्या तोंडातलं मी कधी बाहेर काढत नाही, दात सोडून.

८ फेब्रुवारी, रविवार

केकचा दिवस.

ओव्हन आम्ही लग्नाच्या कुठल्याशा वाढदिवसाला घेतला आणि तेव्हापासून कपाट म्हणून वापरतो. तापत ठेवायच्या आधी आत डोकावावं हे कृतीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. आत सासूबाईंनी डब्यांची झाकणं ठेवली होती. सगळी. प्लॅस्टिकची.

धूर हॉलपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, पेटवायच्या आधी विचारायचंस गं. नवऱ्याने दुपारभर कानशीने जाळी खरवडली. निळं झाकण कुठलं आणि हिरवं कुठलं ते आता सांगता येत नाही.

अशा वेळी नव्या शाखेचं काढणं बरं दिसलं नसतं. धुरात माणूस समजूतदारपणे ऐकत नाही. पुढच्या रविवारी नक्की.

११ फेब्रुवारी, बुधवार

पिंढरी आखडलीय. पळाले नाही, पण बूट घालून बसले, त्यामुळे सवय मोडली नाही. बूट हाच मुळात अडसर आहे. चांगले बूट असते तर पंप केव्हाच गाठला असता.

ऑफिसात हंहंने चौकशी केली, मॅडमनी कशाला बोलावलं होतं. (फोनवर पलीकडच्याला तो सतत 'हं, हं' करतो. खरं नाव आता पगारापुरतं उरलंय.) मी म्हटलं, सहज. तो हं हं म्हणाला. त्याला विचारलं असतं तर बिचारा संध्याकाळीच निघाला असता. त्याला घर आहे, पण त्या घराचं त्याच्यावाचून अडत नाही. माझ्या घराचं अडतं. हा फरक मॅडमच्या लक्षात यायला हवा होता.

तरी जाणार म्हणजे जाणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

बेकिंग पावडर संपली होती. खायचा सोडा होता. दोन्ही पांढरे, दोन्ही फुगवणारे. म्हणून तेवढाच घातला.

केक फुगला. आधी भांड्यात, मग भांड्याबाहेर, मग खालच्या जाळीवर. मी सगळ्यांना हाक मारली. सगळे येईपर्यंत त्याच्या मधोमध खड्डा पडला आणि तो बसला. चव साबणाची. लेक म्हणाली, आई, खायला नको पण तोंड धुवायला मस्त आहे.

नवरा पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवतो. त्याने फूटपट्टी आणून केकच्या दोन्ही टोकांची उंची मोजली आणि आपला ओटा उतरता आहे असं निदान केलं. मग एक तुकडा दुधात बुडवून खाल्ला. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "चालेल."

या घरात हा एकच शब्द आहे. नवे पडदे लावले, चालेल. केस कापून आले, चालेल. लेकीने कॉलेजचा विषय बदलला, चालेल. छान म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही. वीस वर्षं मी या 'चालेल'मध्ये राहतेय. कधी कधी भाजीला फोडणी देताना वाटतं, खिडकी उघडी आहे तरी हवा येत नाही.

पण साबणाच्या चवीवर असली बातमी देत नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दातवालीने विचारलं, घरी सांगितलंत का. पळताना उत्तर देता येत नाही असं हातानेच दाखवलं. खरं म्हणजे पळत ती होती. मी चालत होते, पण हात पळल्यासारखे हलवत होते.

जाता जाता म्हणाली, आज तुमच्या सासूबाई येणार आहेत, कवळी घासून हवीय. मी म्हटलं, वा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरात काहीतरी बिनसलंय.

नवरा मोज्यांच्या जोड्या लावून ठेवतोय. स्वतःहून. लेकीने वॉशिंग मशीन कसं लावायचं ते विचारलं आणि मी सांगत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढला, हवा तेव्हा परत बघता येईल म्हणून. सासूबाई तसले गुडघे घेऊन भाजी आणायला खाली उतरल्या आणि चढूनही आल्या. वर येऊन हाशहुश करत बसल्या, पण पाणी स्वतः घेतलं. मी उठले तर म्हणाल्या, बस गं, मला येतं.

माझ्या हातची कामं एकेक करून काढून घेतली जात आहेत. माझं काहीतरी चुकलंय आणि कोणी बोलत नाही. बहुतेक झाकणांवरून.

अशा वातावरणात जाते म्हणून सांगणं धोक्याचं. पण उद्याचा शेवटचा रविवार.

२२ फेब्रुवारी, रविवार

केक वरून असा सोनेरी झाला की मला स्वतःचाच हेवा वाटला. आतून कच्चा. नवऱ्याने दोनदा ओव्हनचं दार उघडून पाहिलं होतं, प्रगती कशी आहे म्हणून. सुरी घातली तर पिठाचा लोंढा. चमच्याने वाढला.

आणखी थांबणं शक्य नव्हतं. उभ्याउभ्याच सांगितलं, सुरी हातात. नवी शाखा, दोन वर्षं, शुक्रवारी कळवायचंय.

नवऱ्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने आजीकडे. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चालेल."

"चालेल की," लेक म्हणाली.

नवरा म्हणाला, "चालेल." मग लगेच विचारलं, हा परत ओव्हनमध्ये टाकू का, मधला भाग अजून होईल. हे तो केकबद्दल बोलत होता. पुढचा पाऊण तास तो केकबद्दलच बोलत होता.

मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. गुडघ्यांवर एक, मोज्यांवर एक, लेकीसाठी तर डोळ्यांत पाणी येईल असं. एकाही उत्तराला प्रश्न मिळाला नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पेइंग गेस्टने खोली सोडली तरी माणसं 'अगं, का?' म्हणून विचारतात.

सकाळी एकटीच पळाले. रागात लाँड्री कधी गेली कळलंच नाही. पंपही गेला. पुढे कालव्याचा पूल लागतो, त्या पुलाच्या मध्यापर्यंत गेले. खरोखर पळत. पलीकडचा रस्ता सरळ दिसत होता, रिकामा, दोन्ही बाजूंना झाडं. पाय अजून चालले असते. पण त्या रस्त्यावर मी कधी गेलेली नाही आणि अनोळखी रस्त्यावर कुत्री असतात.

परतले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शांतपणे विचार केला. ज्या घराला मी नकोशी झालेय ते घर सोडून जाणं म्हणजे त्यांची सोय करून देणं. मी एवढी भाबडी नाही. उलट आता इथे ठाण मांडून दाखवायला हवं की माझ्यावाचून अडतं. दोन वर्षांत तर हे लोक पूर्ण तयार होतील. मग परत येऊन मी करायचं काय?

शिवाय तिकडचं पाणी जड आहे असं ऐकलंय. ओव्हनही नेता येणार नाही, आणि आत्ता कुठे माझा त्यावर हात बसायला लागलाय.

अर्थात निर्णय अजून घेतलेला नाही. मन मोकळं ठेवलंय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळी

दुपारी मॅडमना सांगितलं. घरची परिस्थिती, सासूबाईंचे गुडघे, लेकीचं नाजूक वय. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." हे वाक्य मला तितकंसं आवडलं नाही. चहाच्या सुमारास हंहंला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा हसत होता. आतून फक्त एकदा 'हो' ऐकू आलं. हं हं नाहीच.

घरी आले तर ओटा पिठाने माखलेला. लेक मोबाइल डब्याला टेकवून केक करत होती. सासूबाई खुर्चीत बसून अंडी फेटत होत्या. नवरा ओव्हनच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारून पातळी जुळवत होता. तुझ्या निरोपाचा केक आहे, आत्ता आत येऊ नकोस, असं सगळे एकदम म्हणाले.

मी तिथेच सांगून टाकलं. जात नाही. तुमच्यासाठी नाही म्हणून आले.

आणि त्यांना हायसं वाटण्याची वाट पाहिली.

नवरा गुडघ्यावर बसलेला होता, तसाच वर बघत राहिला. "कळवलंस पण?" सासूबाईंचा फेटणारा हात थांबला. लेक रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, नाक पुसायचंही भान नाही. म्हटलं, अगं, आता कशाला, मी इथेच आहे. तर जास्तच.

मग एकेक बाहेर आलं. सासूबाई कवळी घासायला गेल्या त्या दिवशीच दातवालीने त्यांना सांगितलं होतं. (परक्या माणसांवर विश्वास ठेवू नये.) त्या वर आल्या आणि तिघांनी दार लावून ठरवलं. मी बोलले की कोणी रडायचं नाही. का म्हणायचं नाही. कधी येणार विचारायचं नाही. "नाहीतर तू जाणार नाहीस," लेक म्हणाली. "आजीने आमच्याकडून पाठ करून घेतलं. बाबांना जमतच नव्हतं, आवाज कापायचा. म्हणून त्यांना सांगितलं, एकदा म्हणा आणि मग नुसतं केकबद्दल बोला."

म्हणजे मी हवी आहे. म्हणजे माझा नकार बरोबरच होता. हे मी मोठ्याने म्हटलंही. कोणी दुजोरा दिला नाही.

सासूबाईंनी विचारलं, तुझ्या मॅडमना आत्ता फोन केला तर? ऑफिस सुटलं, म्हटलं. मोबाइलवर? मी म्हटलं, आई, असं बरं दिसत नाही, आता त्या दुसऱ्याला शब्द देऊन बसल्यात. सासूबाई अंड्याचं भांडं बाजूला ठेवून आपल्या खोलीत गेल्या. नवरा पुठ्ठे काढायचे की राहू द्यायचे ते न कळून तिथेच बसून होता.

लेकीने नाक पुसलं. "आई, एक सांग. तुला जायचं होतं का नव्हतं?"

या प्रश्नाला बरीच उत्तरं आहेत. त्यातलं कुठलं आधी द्यावं ते ठरेना. मी म्हटलं, आधी तो ओटा पुसून घे.

तिने पुसला. कोपऱ्यातलंसुद्धा. फडकं पिळून वाळत घातलं, आणि परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.