घड्याळबाईचे दोन सेकंद

८ जानेवारी

मोजते की सूड उगवते? मी वर क्रॉसमध्ये लटकलोय, हात दोन्हीकडे आडवे ताठ, खांदे उखडायच्या बेतात — आणि खाली ही पायावर पाय टाकून खुर्चीत. एऽऽऽक. मग मध्ये एक झोप काढावी एवढी शांतता. मग दोऽऽऽन. जिम्नॅस्टिक्समध्ये रिंगवर ताकदीची प्रत्येक स्थिती दोन सेकंद धरायची असते, मान्य. पण हिचे दोन सेकंद म्हणजे कचेरीतल्या कारकुनाचं ‘दोन मिनिटं बसा’!

उतरलो तर म्हणते, “क्रॉस कमी पडला. माल्टीज धरलाच नाहीस, नुसता तिथून गेलास.”

नुसता तिथून गेलास! जसा काही मी बसमध्ये बसलो होतो.

आम्हाला शिकवणाऱ्या सरांची मुलगी. पंचांच्या परीक्षेला बसतेय, म्हणून रोज संध्याकाळी आमच्यावर सराव. आम्ही प्रयोगातले उंदीर. मी तिचं नाव घड्याळबाई ठेवलंय. कॉलेजात दीड वर्ष एका वर्गात होतो. मी कॉलेज सोडतोय हे सगळ्यात आधी तिला सांगितलं, घरच्यांच्याही आधी. काय म्हणाली? “बरं.”

बरं!!

९ जानेवारी

इस्त्रीबद्दल लिहिणं म्हणजे शाई फुकट. तरी लिहितो. इस्त्री म्हणजे माझ्याबरोबर रिंग करणारा तो; नाव मीच ठेवलंय. याचे कपडे इस्त्रीचे, भांग इस्त्रीचा आणि रिंगवरचं रूटीनही इस्त्रीचं — एक सुरकुती नाही, एक गंमत नाही. सगळी खालच्या दर्जाची कौशल्यं. ए, बी, पुन्हा ए. एल-सीट करतो, एल-सीट! दहा वर्षांची पोरं करतात ती. पाय पुढे काढून असा बसतो जसा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघतोय. धरतो मात्र. रिंगा हलत नाहीत लेकाच्या.

खाली उतरून हात झटकतो आणि वर मला म्हणतो, “तुझा माल्टीज कसला भारी दिसतो रे!” मनापासून म्हणतो. अशा माणसाला शिवी तरी कशी द्यायची?

संघात एकच जागा उरलीय. तो किंवा मी. निवड चाचणी २ फेब्रुवारीला.

११ जानेवारी

बाबा लिफ्टची दुरुस्ती करतात. आज जेवताना म्हणाले, “लोंबकळायचंच आहे तर माझ्याबरोबर चल. तिथे दोर तरी चांगला असतो.” ताई एवढी हसली की पाणी नाकात गेलं. चांगलं झालं. आई म्हणाली, “जेवू द्या त्याला.” म्हणजे ती पण त्यांच्यातलीच — कीव करणारी.

ठरलं असं: निवड झाली नाही तर नवं सत्र सुरू झालं की मुकाट्याने कॉलेज. मी म्हटलं, झालीच समजा.

आणखी एक ठरवलंय, ते फक्त इथे. निवड झाली की तिला सांगणार. आडून-आडून नाही, सरळ. निवड झाल्याशिवाय कुठल्या तोंडाने सांगू? कॉलेज सोडलेला, संघात नसलेला, बापाच्या घरी तिसरी पोळी मागणारा? हॅट!

१५ जानेवारी

सरांशी वाजलं.

म्हणतात, माल्टीज काढून टाक. माल्टीज! रिंगांच्या उंचीवर पालथं, अंग फळीसारखं आडवं, हात बाजूला. डी दर्जा. अख्ख्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

“त्याच्या जागी बी दर्जाचं काहीतरी घे, जे तू धरशील.”

“सर, मी बी करायला कॉलेज सोडलं नाही.”

“न थांबलेला डी पंच मोजत नाहीत. त्यापेक्षा थांबलेला ए बरा. तुझ्या रिंगांपेक्षा तुझं डोकं जास्त हलतं.”

मागून खुर्चीतून: “आजही धरला नव्हता.”

विचारलं होतं कोणी? मी म्हटलं, “तुझ्या मोजण्यातच खोट आहे. इस्त्रीच्या वेळी बरी जीभ चालते भराभर.”

“त्याला पण एवढंच मोजते.”

“उद्यापासून मला मोजू नकोस. माझं मी मोजेन.”

“बरं.”

या शब्दावर बंदी घातली पाहिजे.

१६ जानेवारी

मनात मोजलं. माल्टीज — पूर्ण दोन! क्रॉस — दोन आणि वर थोडे! कोण चुकत होतं ते उघड झालं.

सर रोज कमरेला धरून आम्हाला रिंगेपर्यंत उचलतात, उडी मारून हात पोचत नाही म्हणून. आज उचलता उचलता कानाशी म्हणाले, “मनातलं मोजणं खरं नसतं. दुखायला लागलं की माणसाचं घड्याळ पळतं, बाळा.”

बाळा! वीस वर्षांच्या माणसाला!

२० जानेवारी

घड्याळबाई आता फक्त इस्त्रीला मोजते. माझी पाळी आली की खुर्ची भिंतीकडे वळवते आणि नियमांचं पुस्तक उघडते. पान मात्र उलटत नाही. माझं अख्खं रूटीन संपलं, मी उतरलो, घाम पुसला, पाणी प्यायलो — बाई त्याच पानावर. कसली पास होतेय ही!

२३ जानेवारी

तळहाताची साल निघाली. इस्त्रीने स्वतःची चिकटपट्टी दिली. घेतली. आभार मानले नाहीत.

१ फेब्रुवारी

उद्या.

सामान आवरत होतो. ती हाताला लावायच्या पावडरच्या डब्यातले खडे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत पांढरे.

“माल्टीज ठेवलायस?”

“ठेवलाय.”

“बरं.”

मी दाराशी गेलो तर मागून, “खांदे खाली ठेव. घाई करू नकोस.”

सुटत नाही ना पंचगिरी! वळून बघितलंसुद्धा नाही. उद्या बघ म्हणावं, चांगली डोळे फाडून बघ.

२ फेब्रुवारी

इस्त्री.

३ फेब्रुवारी

काल एवढाच शब्द सुचला. आज सविस्तर.

माल्टीज त्या पंचांनी मोजलाच नाही. म्हणजे मी केलाच नाही! क्रॉसचे गुण कापले. उतरताना एक पाऊल गेलं, त्याचेही कापले, मिळाले तिथून ओरबाडले. काय ते चेहरे! सायंकाळपर्यंत ठेवलेल्या चहावरची साय बरी. आणि इस्त्री आला, बसला आपला एल-सीटमध्ये, डॉक्टरने बोलावलं तसा उठला, उतरला, जिंकला. वर मला मिठी मारायला आला. मी पिशवी आडवी धरली.

ती वर गॅलरीत होती, सरांचा फोन घेऊन सगळ्यांचं चित्रण करत. खाली आली, फोन सरांच्या हातात कोंबला आणि माझ्या अंगावरून तडक बाहेर. निदान “बरं” तरी म्हणायचं होतं!

घरी बाबा टोमणा मारतील म्हणून दारातच तयारीत उभा होतो. ते म्हणाले, “हात बघू.” तळहात बघितले, मलम आणून दिलं, आत गेले. याच्यापेक्षा टोमणा परवडला असता.

५ फेब्रुवारी

सरांनी व्हिडिओ पाठवलाय. खाली सूचना: ‘आवाज बंद करून बघ. गोंगाट फार आहे. खांद्यांकडे लक्ष दे.’

बघितला. पंचांची खोट पकडायला फोनमधला सेकंदकाटा लावून बघितला. चार वेळा.

माल्टीजमध्ये आलो आणि गेलो. नुसता तिथून गेलो. थांबलोय कुठे? हे लिहितानाही दात दुखतायत.

बाबांना सांगितलं, नवं सत्र सुरू झालं की जाईन. ताई हसली नाही. या घरात सगळ्यांना एकदम काय झालंय!

आणि तो दुसरा विषय संपला. निवड नाही, सांगणं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

६ फेब्रुवारी

सरांचं ऐकायची सवयच नाही. आवाज लावून बघितला.

फोन तिच्या हातात, म्हणून गोंगाटापेक्षा तिचाच आवाज जवळ. पुटपुटतेय. इस्त्रीला — एऽऽऽक. दोऽऽऽन. तेच ते, संथ, दगडासारखं. मग मी. क्रॉस — “एकदोन.” माल्टीजला मी पोचायच्या आधीच — “एकदोन, एकदोन, धरलंस, धरलंस रे, सोड आता—” आणि पुढे चित्र नुसतं हलतंय, छत दिसतंय, कठडा दिसतोय.

अशी मोजणारी पंच होणार म्हणे! साफ नापास होईल.

हॉल संध्याकाळी पाचला उघडतो; घड्याळात दोन वाजलेत. मी आत्ताच निघतोय.